ठिपक्यांतला आकडा

रंगांधळेपणाचा धडा मी एकोणीस वर्षं शिकवतेय. आता तो तोंडातून आपोआप निघतो, मी नुसती उभी असते. शेवटचा तास, घसा बसलेला, समोर चाळीस जांभया.

"पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. रंगांधळेपणाचं जनुक एक्स गुणसूत्रावर. वडील रंगांधळे असले की मुलगी वाहक होणारच. तिला स्वतःला रंग दिसतात, पण तिच्या मुलग्याला रंगांधळेपणा येण्याची शक्यता निम्मी."

फळ्यावर चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. मधला गोल मी अर्धा रंगवला. तो गोल मीच. माझे वडील शिंपी, हिरव्या फ्रॉकला खुशाल तपकिरी दोरा लावायचे. आणि माझा मुलगा याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. घरी मी आई, इथे बाई. त्याला इंजिनड्रायव्हर व्हायचंय, आणि सिग्नलचे रंग न कळणाऱ्याला रेल्वे दारात उभं करत नाही. दरवर्षी मी लोकांची पोरं तपासते. स्वतःच्या मुलाला पंधरा वर्षांत एकदाही तपासलं नाही. घाबरट म्हणा नाहीतर कामचुकार, दोन्ही खरं आहे.

"म्हणजे चूक आईचीच ना, बाई?" मागून एकीने विचारलं. दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

"चूक कोणाचीच नसते," मी म्हटलं आणि कार्डं काढली. रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. लाल-हिरवा न कळणाऱ्याला तो दिसत नाही. सकाळी घरून निघताना गठ्ठा हातातून सुटला होता. कसाबसा गोळा करून पिशवीत कोंबला होता.

"पाच जणं पुढे या," म्हणत मी मुद्दाम पहिल्या बाकाकडे बघितलं.

तिसऱ्या बाकावरून माझा मुलगाच आपणहून उठला. "मी वाचतो, बाई."

नाही कसं म्हणणार? मी पहिलं कार्ड धरलं. त्यावर आठ होता.

"सत्तावन्न," तो खणखणीत आवाजात म्हणाला. पुढच्या कार्डावर पंधरा होता. "एकोणतीस." मग तिसऱ्याला, "त्र्याहत्तर."

वर्ग खो खो हसला. पोरांना वाटलं, हा आईची फिरकी घेतोय. मला मात्र लगेच कळलं. कार्डांबरोबर उत्तरांचा कागद येतो, तो घरी माझ्या टेबलाच्या खणात असतो. त्यावरचे पहिले तीन आकडे हेच. पठ्ठ्याने कागद पाठ केला होता, आणि कार्डांचा क्रम मी सकाळी बिघडवला होता.

"पुरे झाली टवाळकी. जागेवर बस," मी इतक्या जोरात ओरडले की सगळे गप्प झाले. निदान वर्गात तरी त्याचं झाकलेलं राहिलं.

शाळा सुटल्यावर आम्ही वह्यांचे गठ्ठे घेऊन निघालो. दोन चौक ओलांडल्यावर मी विचारलं,

"कधीपासून माहितीये तुला?"

"आठवीपासून."

"मग हे पाठांतर कशाला?"

"हा धडा आला की तू धड जेवत नाहीस. म्हटलं, एकदा नीट वाचून दाखवलं की तुझा घोर मिटेल."

"अरे, मला सांगायचंस ना, राजा."

"तू कधी विचारलंच नाहीस, आई. मला वाटलं, तुला कळून घ्यायचंच नाहीये."

मी इतकी दमले होते, की खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

"बरोबर वाटलं तुला," मी म्हणाले.