आठ मण्यांची पाटी

मी एक पाटी बोलतेय. दगडी, लाकडी चौकटीची, वरच्या बाजूला तार आणि तारेत मणी. हल्ली मुलं मोबाईलवर बोट घासून अक्षरं गिरवतात, तेव्हा माझं रडगाणं ऐकायला कोणाला वेळ आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या अंगावरच्या चार ओळी चार महिने झाले कोणी धुतलेल्या नाहीत. पुसली न गेलेली पाटी दुसरं करणार तरी काय? म्हणून बोलते.

जुन्नरच्या बाजारात दिलावरभाईंच्या दुकानात मी गठ्ठ्यात पडून होते. इंद्रायणीताई तिथे आली ती अंगणवाडीसाठी पाट्या घ्यायला. दिलावरभाई म्हणाले, "ताई, पत्र्याच्या घ्या. पडल्या तरी फुटत न्हाईत." ताईने मला उचललं, पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि म्हणाली, "पत्र्यावर अशी करकरती का? पोरांना लिहिल्यासारखं वाटाय पाहिजे." मला तेव्हाच ती आवडली. बेल्ह्याच्या पलीकडच्या एका वाडीत तिची अंगणवाडी होती. आम्ही बाराजणी तिच्या मांडीवर एसटीने गेलो.

तारेत माझे दहा मणी होते. पहिल्याच वर्षी मनाल नावाच्या चिमुरडीने एक मणी उपसला आणि थेट नाकात घातला. ताईने तिची दुसरी नाकपुडी दाबून शिंकरायला लावलं, मणी उडाला आणि मोरीतून गेला तो गेलाच. दुसऱ्याचा तांदळाच्या डब्याखाली चुरा झाला. दहापर्यंत शिकवायची पाटी आठवरच थांबायला लागली, तेव्हा ताईने तार पिळून पक्की केली आणि मला कपाटात सारलं. मला वाटलं, संपलं आपलं.

संपलं नव्हतं. एके दिवशी दुपारी मुलं खिचडी खाऊन घरी गेली होती. ताईने सकाळपासून तीनदा हजेरी भरली होती आणि तिन्ही वेळा रेंज नसल्याने मोबाईलवर ती अर्धवटच चढली होती. वरून फोन येऊन गेला होता, तोही रागाचा. ती डोकं धरून बसली. मग रागारागाने काहीतरी हुडकायला कपाट उघडलं आणि मी तिच्या हाताला लागले. तिने मणी सरकवले. एक, दोन, आठ. शाळेत बाईंनी शिकवलेली अष्टाक्षरी तिला आठवली असावी: ओळीत अक्षरं आठ, जोडाक्षर एकच धरायचं. तिने पेन्सिल घेतली.

अठ्ठावीस पोरं माझी
मोबाईल म्हणे वीस
उरलेली आठ गेली
टॉवरच्या टेकडीस

लिहून झालं आणि ती एकटीच हसत सुटली. मदतनीस मोहिनी भांडी घासत होती, ती पदराला हात पुसत आली. तिने एकेका अक्षराला एकेक मणी सरकवत मोठ्याने वाचलं आणि तीही हसली. "ताई, तुमी तर लई भारी लिवता की." ताईने ओलं फडकं घेतलं आणि मला लख्ख पुसून टाकलं. "डोकं उतरलं बघ," ती म्हणाली.

तिथून आमचा रोजचा शिरस्ता पडला. दुपारी दीड वाजता दार लोटायचं. ताई लिहायची, मोहिनी मणी सरकवून मोजायची, मग पुसायचं. ताईचा राग, कंटाळा, थकवा, जे असेल ते माझ्यावर यायचं. नववं अक्षर आलं की त्याला मणी नसायचा. मग ताई अडायची, ओठ चावायची, शब्द बदलून बघायची. मी हे फार जवळून पाहिलंय. राग नऊ अक्षरांचा असला तर त्यातलं एक टाकता टाकता तो निम्मा होतो. आठात बसला की माणूस हसतो. एवढं स्वस्त औषध असताना माणसं डोकेदुखीच्या गोळ्या का खातात, मला कळत नाही.

आणि मुख्य म्हणजे मी पुसली जायचे. वहीत कोणी असं लिहीत नाही, वही कोणाच्याही हाती लागते. माझ्यावर लिहिलेलं चहा गार व्हायच्या आत जायचं. ताईने मनातलं खुशाल लिहावं, हा आमच्यातला करार होता. मी तो पाळला. मी तरी पाळला.

पुढे मोहिनी म्हणायला लागली, "द्या ताई, मीच धुऊन ठिवते." ताईला तेवढीच उसंत. मला नळाजवळ नेलं की मोहिनी आधी मागे वळून बघायची, मग मोबाईल काढायची. माझ्यावर तो काळा डोळा यायचा, टक् व्हायचं, आणि मग पाणी. मला पहिल्यांदा वाटलं, आवडलं म्हणून ठेवत असेल बापडी. मी मूर्ख. मोबाईलवर 'शब्दवेल' नावाचा एक समूह होता. तिथे रोज विषय मिळायचा, अष्टाक्षरी पाठवायची, आणि निवडून आली की फुलांच्या चौकटीतलं प्रमाणपत्र यायचं. मोहिनीचा हसरा फोटो, खाली मोहिनीचं नाव, आणि त्याखाली माझ्या ताईच्या ओळी. अशी अकरा प्रमाणपत्रं तिने मिळवली. गावातल्या बायका तिला कवयित्री म्हणायला लागल्या. ताईचा मोबाईल हजेरी भरण्यातच दमलेला असायचा, ती कुठल्या समूहात नव्हती. तिलाही कोणीतरी मोहिनीच्या प्रमाणपत्रांचं सांगितलं, तेव्हा मोहिनी म्हणाली, "तुमच्या संगतीनं म्या बी चार वळी खरडते, ताई." ताईला आनंद झाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं, आणि मला तोंड नव्हतं.

आता त्या चार ओळींकडे यावं लागेल.

ताईच्या सासूबाई तुकाबाई. मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत गेलेली बाई. डोंगराच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाच्या मेंढरांना हाक मारायची, असा आवाज. गेल्या दिवाळीआधी ओट्यावरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. ताईचा नवरा हनुमंत टोमॅटोच्या गाडीवर, तो अंधारातच नारायणगावला निघालेला असायचा. म्हणजे सगळं ताईवर. कणीक मळायला हात घालावा आणि खाटेवरून हाक यावी, "इंद्रेऽऽ". हात धुवायचे, भांडं द्यायचं, कपडे बदलायचे, पुन्हा हात धुवायचे, पुन्हा कणकेत घालायचे की पुन्हा हाक. मग अंगणवाडी, मग घर, मग तेच. तक्रार करायची कोणाकडे? म्हातारी काय हौसेने पडली होती?

एका शनिवारी दुपारी ताईने दार लोटलं आणि पेन्सिलीचं टोक घासून घेतलं. मग लिहिलं:

पहाटेच हाक यावी
पिठात हात राहावा
एक दीस तरी देवा
हाकेविना उजाडावा

मोहिनीने मणी मोजले. आठ, आठ, आठ, आठ. या खेपेला कोणी हसलं नाही. तुम्ही विचाराल, ताईला नेमकं काय म्हणायचं होतं? जे तुमच्या मनात आलं तेच. मी खोटं बोलणार नाही. पेन्सिल चालत होती तेवढ्यापुरतं तिला तेच हवं होतं, आणि लिहून झाल्यावर ती दचकली. "पूस, पूस लवकर," ती म्हणाली. मोहिनी मला घेऊन नळाकडे गेली. तिने फोटो काढला, पण नळाजवळ उजेड कमी होता, अक्षरं नीट उमटेनात. तिने मला पिशवीत घातलं आणि घरी नेलं, उन्हात पुन्हा टिपायला.

समूहाचा त्या दिवशीचा विषय होता 'पहाट'. प्रमाणपत्र आलं, यावेळी पहिल्या क्रमांकाचं. मोहिनीने ते हौसेने वाडीच्या समूहावर टाकलं. आधी फुलं आली, टाळ्या आल्या. मग कोणीतरी विचारलं, "हे सासूवर हाय का?" मग दुसऱ्याने, "मोहिनीची सासू तर धडधाकट शेतात जाती." मग एकेकाच्या जिभा सुटल्या. सासूचं मरण मागणारी बाई पोरं काय सांभाळणार, इथपर्यंत गोष्ट गेली. मोहिनीच्या सासूने घरात भांडी आपटायला सुरुवात केली.

मोहिनीने काय केलं? ओसरीवर मला उभं केलं, उन्हात, आठही मणी दिसतील असं. फोटो काढला आणि खाली लिहिलं, "कविता माझी नाही. अक्षर ओळखा." वाडीतली निम्मी पोरं त्याच अक्षराबरहुकूम ग म भ न गिरवून मोठी झालेली. ओळखायला वेळ लागला नाही. शाबासकी आली तेव्हा नाव मोहिनीचं होतं, शिव्या आल्या तेव्हा ताईचं झालं. आणि पुरावा म्हणून उभी केली मला. जिच्यावर ताईने सगळ्यात जास्त भरवसा ठेवला, तिलाच.

ताई संध्याकाळी मोहिनीच्या घरी आली. ओरडली नाही.

"मोहिनी, का केलंस असं?"

"ताई, तुमी पुसूनच टाकत व्हता. मला वाटलं, फुकट चाललंय."

"मग तवा माझं नाव का न्हाई घातलं?"

मोहिनी पदराने माझी चौकट पुसायला लागली.

"आन् आज का पुढं केलंस?"

ताईने मला उचललं आणि छातीशी धरून निघाली. ओळी तिच्या बाजूला होत्या, म्हणून रस्त्यात कोणाला दिसल्या नाहीत. आता न दिसून काय उपयोग होता?

घरी पोचलो तर शेजारची पुष्पा खाटेपाशी बसलेली. म्हातारीला वाचता येत नाही, म्हणून ती प्रेमाने मोबाईलवरून वाचून दाखवत होती. चार ओळी, दोनदा. हनुमंत दारात उभा होता. त्याने ताईला एवढंच विचारलं, "तू लिवलं?" ती म्हणाली, "व्हय." "खरं व्हतं?" "त्या टायमाला खरं व्हतं." तो गाडीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ताईने पीठ मळलं. हाक आली नाही. भाकरी झाल्या, हाक नाही. ताई धावत खाटेपाशी गेली. तुकाबाई टक्क जागी होती, आढ्याकडे बघत. अंथरूण ओलं, लुगडं ओलं, म्हातारी थंडीने कुडकुडत होती.

"आत्या, हाक का न्हाई मारली?"

"एक दीस मागितला व्हतास ना," तुकाबाई म्हणाली. "घे."

ताई तिथेच खाली बसली आणि ओल्या अंथरुणावर डोकं ठेवून रडली. मी कोनाड्यातून पाहत होते. दगडाला पाझर फुटत नाही, नाहीतर मीच आतून ओली होऊन त्या ओळी धुऊन काढल्या असत्या.

तो एक दिवस नव्हता. तुकाबाईने त्यानंतर हाक मारलीच नाही. ताईने हात जोडले, हनुमंतने समजावलं, म्हातारी बोलते, जेवते, हाक तेवढी मारत नाही. डोंगर ओलांडणारा तो आवाज गेला. शेवटी ताईने मलाच तिच्या उशाशी ठेवलं. "बोलवू नका, नुसते मणी वाजवा, मी येते." तेव्हापासून रोज पहाटे म्हातारी चाचपडत माझी तार शोधते आणि आठ मणी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला खडखडवते. ताई येते. एक दिवस नको होती ती हाक, ती आता मी झालेय.

ताई एकदा ओलं फडकं घेऊन मला पुसायला आली होती. तुकाबाईने माझी चौकट घट्ट धरली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "माज्यावर दुसरं कोण लिवनार हाय?" ताई फडकं घेऊन मागे फिरली. तिने त्यानंतर कुठेच काही लिहिलेलं नाही. अंगणवाडीत अजूनही दीड वाजतो, दार आता सताड उघडं असतं, आणि ताई डोकेदुखीची गोळी घेते. मोहिनी दुसऱ्या वाडीत कामाला लागली, आणि 'शब्दवेल'वर तिची अष्टाक्षरी पुन्हा आलेली नाही.

मणी वर आहेत, त्यामुळे खडखडवताना म्हातारीचा तळवा माझ्या वरच्या अंगाला घासतो. पहिली ओळ गेली. दुसरीतलं पीठ गेलं, हात अर्धा उरलाय. देव आहे, पण पुसट. खालच्या 'हाकेविना उजाडावा'पर्यंत मात्र तो हात पोचत नाही.

कोणी वाटेने जात असाल तर आत या. मोबाईल बाहेर ठेवा. म्हातारीला म्हणा, आजी, पाटी धुऊन देतो, सूनबाईला लिहायला पाहिजे. ती नाही म्हणेल, चौकट घट्ट धरेल. तरी या. एकच ओळ धड राहिलीय, आठ अक्षरांची, ओल्या हाताने एकदा पुसा.