रोलर म्हणून बदनाम

मी वालूरच्या गायरानात उभा असलेला एक जुना कॅमशाफ्ट आहे. माझा अर्धा भाग जमिनीत आहे आणि वरच्या अर्ध्याला एक मेंढा बांधलेला आहे. मित्रांनो, मेंढ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार माणसांबद्दल आहे, आणि ती क्रमाने सांगतो.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा लोखंडी दांडा. माझ्या अंगावर अंड्याच्या आकाराचे सोळा उंचवटे आहेत. मी फिरलो की ते इंजिनाची छोटी दारे उघडतात आणि मिटतात, आणि त्या दारांतून इंजिन श्वास घेते. माझ्या उंचवट्यांवरून बारीक चाके घरंगळतात, त्यामुळे अंग झिजत नाही. अशा दांड्याला रोलर कॅमशाफ्ट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यानेच माझा घात केला.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. लोखंड वितळलेले असताना कुणाला काय आठवणार? आठवते ते हैदराबादच्या जुन्या बाजारातले पोते. त्यात माझ्यासोबत आणखी एक कॅमशाफ्ट होता. त्याचे उंचवटे माझ्यापेक्षा उंच आणि रुंद होते, आणि त्याला ते ठाऊक होते. सेलूच्या बन्सीधर मिस्त्रीने आम्हा दोघांना विकत आणले.

गिऱ्हाईक होते वालूरचे चंद्रभान. त्यांच्याकडे मिलिटरीने मोडीत काढलेला एक ट्रक होता. त्याचे इंजिन चणीने लहान, पण आठ सिलिंडरांचे. ट्रक पेट्रोलवर चालायचा, म्हणजे पेट्रोल रोज प्यायचा आणि अधूनमधून चालायचा.

मिस्त्रीने आम्हाला गोणपाटावर शेजारी शेजारी निजवले.

“ह्यो पळतो, ह्यो ओढतो,” मिस्त्री म्हणाला. “तुमाला काय पायजे?”

“मला कापूस भरून वालूरचा नाला चढायचाय, मिस्त्री. इमान उडवायचं न्हाई.”

“मग ह्यो बुटका घ्या. ह्यो दारं लवकर मिटतो, दम वाया जाऊ देत न्हाई. गाडी हळू असली की लय जोर. त्यो दुसरा दारं लय येळ उघडी ठिवतो. मोकळ्या सडकंवर वारा, चिखलात लंगडा.”

चंद्रभानांनी मला उचलले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि म्हणाले, “आजपासून तू माजा भाऊ.” मित्रांनो, हे मी कानांनी ऐकले आहे. मला कान नाहीत, तरीही ऐकले आहे.

त्यानंतरची वर्षे सुखाची होती. नाल्याच्या काळ्या चिखलात बैल बसायचे, जीप फसायच्या, आणि आमचा ट्रक कापसाचा डोंगर घेऊन गुरगुरत वर यायचा. एकदा तर आम्ही फसलेली एसटी ओढून काढली. प्रवाशांनी ड्रायव्हरचे कौतुक केले. ड्रायव्हरने ट्रकचे केले. खंडेनवमीला झेंडूची माळ बॉनेटवर पडली. मी आत होतो, वास येत होता.

चूक झाली ती चहाच्या हॉटेलात. चंद्रभानांनी चारचौघांत छाती फुगवून सांगितले, “माज्या गाडीत रोलर बसवलाय.”

नेमका तेव्हा गावच्या रस्त्यावर मुरूम टाकून ठेवला होता आणि परभणीहून यायचा रोड रोलर काही येत नव्हता. सरपंच दिनकरराव दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाले.

“चंद्रभान, गाडीत रोलर हाय म्हनं तुज्या.”

“हाय की.”

“मंग दाब की रस्ता.”

इथे खरे सांगता आले असते. पण फुगवलेली छाती सगळ्यांसमोर खाली कशी आणायची? दिवसभर आमचा ट्रक मुरमावरून पुढे गेला आणि मागे आला. रस्ता दबला नाही, त्यात दोन चर मात्र पडले. दिनकररावांनी चरात पाय घालून पाहिला आणि म्हणाले, “दबला.”

तेव्हापासून ट्रकचे नावच रोलर पडले.

मग चंद्रभानांच्या मेहुण्याचे, भुजंगचे, लग्न ठरले. वऱ्हाड पाथरीकडे जायचे होते आणि गावात मोठी गाडी एकच होती.

“दाजी,” भुजंग म्हणाला, “मी रोलरमधी बसून लग्नाला जाऊ? पावणे म्हनतील, नवरदेव आला का डांबर आलं?”

भुजंगची बहीण, म्हणजे चंद्रभानांची बायको पार्वतीबाई, आतून म्हणाली, “माज्या भावाचं हसं करू नगा. काढा ते रोलर.”

मला वाटले, चंद्रभान हसून सोडून देतील. ते उठले आणि ट्रक घेऊन सेलूला निघाले. नामांतराच्या मोर्चामुळे त्या दिवशी बाजार बंद होता. मिस्त्रीने दुकानाचे अर्धे दार उघडून माझ्या जागी त्या उंच सोबत्याला बसवले. त्यालाही रोलरच म्हणतात हे कुणी बोलले नाही.

“ह्याला गाडीतच ठिवा,” मला गोणपाटात गुंडाळत मिस्त्री म्हणाला. “नाल्यात आटवण येईल.”

लग्नाच्या सकाळी ट्रक झकास पळाला. नाल्यापर्यंत. कालव्याची चारी रात्रीतून फुटली होती आणि ऐन मे महिन्यात नाल्यात गुडघाभर चिखल होता. सोबत्याने सवयीप्रमाणे दारे उघडीच ठेवली, इंजिनाचा दम गेला, ते चार वेळा खोकले आणि गप्प झाले. बाशिंग बांधलेला भुजंग चिखलात उतरला. मुहूर्त जवळ येत होता.

शेजारच्या शेतातून आश्रुबा बैलजोडी घेऊन आले. पण दोर अडकवून ट्रक ओढायचा, टोचनाचा, हूक तुटलेला. मग कुणाला तरी मी दिसलो. मला बंपरच्या मागे आडवा घालून बैलांचा जाड दोर, सोल, माझ्या कमरेला बांधला. उंचवट्यांमुळे सोल घसरला नाही. बैलांनी जोर केला, मी घट्ट धरून राहिलो, आणि ट्रक वर आला. इंजिनाबाहेर राहूनही मीच तो ओढला, असे मला वाटते. बैलांचे मत वेगळे असेल.

सोल सुटला आणि मी चिखलात पडलो. ट्रक सुरू झाला.

“दाजी, ते रोलर ऱ्हायलं,” भुजंग म्हणाला.

“ऱ्हाऊ दे,” माझा भाऊ म्हणाला. “आता त्याचं काय काम हाय?”

भुजंगचे लग्न वेळेवर लागले, असे नंतर कळले. मला बायनाबाईंनी चिखलातून उपसले. त्या नाल्याकाठी शेळ्या-मेंढरे चारतात. त्यांच्या मेंढ्याने सगळे खुंटे उपटले होते, म्हणून त्यांनी मला गायरानात अर्धा गाडला; मला उपटता आले नाही. खंडेनवमीला त्या माझ्या डोक्याला तेल लावतात आणि कुंकू लावतात. मी काय आहे हे त्यांना माहीत नाही. तरी लावतात.

परवा चंद्रभान पायी आले, बोकड बघायला. माझ्याजवळ थांबले. चपलेला लागलेला नाल्याचा चिखल त्यांनी माझ्या उंचवट्यावर घासून काढला.

“मजबूत खुटा हाय, मावशी. कुटं घावला?”

“नाल्यात. कुणीतरी टाकून दिलता.”

चंद्रभानांनी मला हलवून पाहिले. मी हललो नाही.

“असली चीज टाकनारा येडाच असंल,” ते म्हणाले आणि दुसरी चप्पल घासू लागले.

मित्रांनो, ज्याने तुमचे ओझे ओढले त्याला नुसत्या नावावरून टाकून देऊ नका. आणि टाकलेच, तर निदान चेहरा लक्षात ठेवा. आता मी कुणालाच ओढत नाही. मेंढा ओढतो. मी जागचा हलत नाही.