टोपीकाका आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे, आणि आधीच सांगते, पार दमलेय. नवी होते तेव्हा माझ्या आरशाचं कोण कौतुक! आता तो तडकलाय आणि बटणंही दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाहीत. उठसूट वर, उठसूट खाली. त्यात आत येणारा जो तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा. वर्षानुवर्षं शेजारी राहतात, पण एकमेकांची तोंडं काही ओळखत नाहीत.

सगळ्यात वरच्या मजल्यावरचे टोपीकाका तेवढे निराळे. काकू गेल्यापासून ते दिवसभर माझ्यातच असायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला खाली फार कामं असतात. कसली कामं नि कसलं काय! खाली कुणी आत शिरलं की त्याच्याबरोबर पुन्हा वर. "कितवा मजला?" विचारायचे, बटण दाबून द्यायचे. लोक मान वर न करताच मजला सांगायचे. तेवढ्यावरही काका खूश असायचे.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीने फिल्म काढायला घेतली. प्रायोगिक, म्हणे. गोष्ट नाही, संवाद नाही. माझ्या छताला कॅमेरा लावायचा आणि इमारतीतली माणसं कशी राहतात ते टिपायचं. पण बघावं तेव्हा टोपी! पोरगी वैतागली.

"काका, सारखे तुम्हीच दिसताय हो. जरा जिन्याने जा ना, प्लीज."

"बरं, बाळ," काका म्हणाले. त्यानंतर ते फिरकलेच नाहीत. मी नुसती ओझी वाहत राहिले. जीव लागेना माझा.

एका सकाळी पोरगी आईबरोबर लॅपटॉप उघडा धरूनच आत शिरली.

"आई, हे बघ. काका खाली जातात, पण लिफ्टच्या बाहेर पडतच नाहीत गं!"

"अगं बाई! मला वाटायचं, बँकेत जात असतील."

पोरीने वरच्या मजल्याचं बटण दाबलं. दोनदा. दार उघडं ठेवून तिने समोरची बेल वाजवली.

"काका, चला. तुमच्याशिवाय फिल्म होत नाही."

काकांनी आधी टोपी घातली. मग विचारलं, "जिन्याने येऊ ना?"

पोरीला रडूच फुटलं. हाताला धरून तिने त्यांना आत आणलं, बटणांपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, कितवा मजला?"

हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मित्रांनो, मला तेलपाणी कराल तेव्हा करा. पण आत शिरलात की मान वर करून बघा, कोण उभं आहे. ते माणूस कदाचित कुठेच निघालेलं नसतं.