दादांच्या नावावरच्या बाटल्या

जहाज अजून धक्क्यावरून हललंही नव्हतं, तेवढ्यात भाऊजींनी वाइन विकत घेतली.

जेवणघराच्या दाराशी एक टेबल मांडलं होतं. त्यावर पांढरंशुभ्र कापड, कापडावर ओळीनं उभ्या बाटल्या, आणि मागे काळं जाकीट घातलेली एक हसतमुख बाई. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ती समजावत होती. प्रवासभराच्या बाटल्या आत्ताच घेऊन टाका, एकेक मागवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. जेवताना उघडा, उरली तर बूच लावून तुमच्या केबिनच्या नंबरानं ठेवतो, उद्या तीच टेबलावर आणतो. आणि जेवणघरातच असं नाही, वरच्या डेकवरच्या बारमध्येसुद्धा नुसता नंबर सांगितला की झालं.

"झकास!" भाऊजी म्हणाले. "सगळ्यात मोठं पॅकेज द्या. आणि दादाच्या केबिनवर लावा. सत्कारमूर्ती तो आहे, मी नुसता हमाल."

वहिनींनी चमकून दादांकडे पाहिलं.

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, वीज खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि ही समुद्राची सहल ही त्यांच्या धाकट्या भावानं दिलेली भेट होती. वडील गेले तेव्हा भाऊजी अजून शाळेत जात होते. दादांनीच त्यांना शिकवलं, नळ-फरशांचं दुकान टाकून दिलं, लग्न लावून दिलं. आज भाऊजींची दोन शोरूम होती, पण दादा खोलीत आले की ते अजूनही खुर्चीतून उठून उभे राहत. भावासमोर तोंड वर करून बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

आणि या दादांनी चार वर्षांपूर्वी दारू सोडली होती, हे घरात वहिनींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. सोडल्याचं ठाऊक नव्हतं, कारण पीत होते याचाच पत्ता नव्हता. दादा कधी चारचौघांत पीत नसत. ते चहाच्या थर्मासमधून पीत, ऑफिसच्या बॅगेतून पीत, शेवटी शेवटी दात घासायच्या आधी पीत. न्हाणीघरात पडले, रक्ताची उलटी झाली, तेव्हा वहिनींनी एकटीनं रिक्षात घालून नेलं. पुढे व्यसनमुक्ती केंद्रात राहिले, तर नातेवाइकांना सांगितलं, खात्याचं ट्रेनिंग आहे. परत आले तेव्हा निम्मे झाले होते, तर सांगितलं, तिथलं पाणी बाधलं. वहिनींचा शाळेचे गणवेश शिवायचा लहानसा कारखाना होता. कुठे उसवलं तर आतल्या बाजूनं टाका घालून वरून कळूही द्यायचं नाही, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"अहो भाऊजी, ह्यांना वाइन चालत नाही," वहिनी घाईघाईनं म्हणाल्या. "ॲसिडिटी होते."

"वहिनी, ही काय दारू आहे? द्राक्षाचा रस! तू पण घे. आयुष्यभर सुया टोचून घेतल्यास."

दादांनी कपाळावर आठीसुद्धा न आणता सही करून टाकली. वहिनींकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळपासून वहिनींचा जीव टांगणीला लागला. चौघं एका गोल टेबलाशी बसत. खिडकीबाहेर समुद्र हळूहळू जांभळा होत जाई. भाऊजींनी विनोद सांगायचे, जाऊबाईंनी "हा दहादा ऐकलाय" म्हणत हसायचं आणि मधोमध ती बाटली. वेटर मोठा अदबशीर माणूस होता. प्रत्येक वेळी तो आधी दादांकडे वळे, कारण नाव त्यांचं. दादा पेल्यावर आडवा हात धरत. "मला नको." वेटर पुढे सरके. वहिनींना वाटे, किती वेळा नको म्हणेल हा माणूस? एखाद्या वेळी हात धरायला विसरला तर?

त्या गुपचूप त्या काळ्या जाकिटाच्या बाईकडे गेल्या. "हे पॅकेज रद्द नाही का करता येणार?"

"एक बाटली उघडली की नाही येत. आणि बदल काहीही करायचा असेल तर साहेबांना यावं लागेल. नाव त्यांचं आहे ना."

"बरं, मग निदान वरच्या बारमध्ये ह्यांना देऊ नका."

बाई गोंधळली. हसू तसंच ठेवून म्हणाली, "मॅडम, त्यांची वस्तू त्यांना नाही कशी देणार?"

मग वहिनींनी पहारा लावला. दादा डेकवर फेऱ्या मारायला निघाले की ह्या पायांत चपला सरकवून मागे. दादा वाचनालयात बसले की ह्या समोर लोकर घेऊन. दादा दाढी करून बाहेर आले की काहीतरी उचलायचं निमित्त करून जवळून जायच्या आणि श्वास घ्यायच्या. साबणाचा वास यायचा. तरी समाधान होत नव्हतं. पूर्वीही साबणाचाच वास यायचा.

"अगं, तू जहाज बघायला आलीयस की मला?" दादा एकदा म्हणाले. हसून म्हणाले, पण डोळे हसत नव्हते.

"तुम्हाला सोडून मला काय बघायचंय?" वहिनींनीही हसून टोलवलं.

जाऊबाईंना दातांचा दवाखाना होता. बोलणं कमी आणि नजर चौकस. दुपारी त्या वहिनींजवळ येऊन बसायच्या, काहीतरी विचारायचंय अशा चेहऱ्यानं. एकदा म्हणाल्याही, "वहिनी, दादा कधीच घेत नाहीत, नाही? किती बरं." वहिनी सुईचा टाका मोजत असल्यासारखं करत "हं" म्हणाल्या. जाऊबाई थोडा वेळ बसल्या आणि उठून गेल्या. आपण तोंडात आलेला शब्द गिळला तसा समोरचीनंही गिळला असेल, हे वहिनींच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि मग ती संध्याकाळ आली. सगळे नटूनथटून जेवायला बसले होते. भाऊजींचा चेहरा लाल झाला होता, उन्हानं असेल. वेटर आला, वाकून दादांना म्हणाला, "साहेब, दुपारी वरच्या बारमध्ये उघडलेली बाटली थोडी उरली आहे. ती खाली मागवू, की नवी उघडू?"

जाऊबाईंनी चटकन वर पाहिलं.

"दुपारी?" दादा म्हणाले. "दुपारी मी काही उघडलं नाही."

"आपल्याच केबिनवर आहे, साहेब. कालही होती."

वहिनींच्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. दुपारी त्यांचा डोळा लागला होता. काल आणि आजही. चार वर्षं डोळ्यांत तेल घालून काढली आणि दोन दुपारी डोळा लागला.

"खोटं बोलू नका हो," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "निदान माझ्यासमोर तरी नको! परत तेच थर्मास, परत तेच ट्रेनिंग? परत मी रिक्षात घालून नेऊ तुम्हाला? डॉक्टर काय म्हणाले होते? आता प्यायलात तर मराल म्हणाले होते!"

शेजारच्या टेबलावरचे काटे-चमचे थांबले. वेटर दोन पावलं मागे सरला. जाऊबाईंचा हात पेल्याकडे जाता जाता हवेतच राहिला.

दादांनी बायकोकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. भाऊजी ताटात बघत होते आणि मान वर करत नव्हते. दादा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवरचा रुमाल नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि वेटरला म्हणाले, "नवी नको. आणि ती बाटलीही नको. माझंच चुकलं."

आणि उठून गेले.

केबिनमध्ये त्या रात्री दादा भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी वहिनींना जाग आली तर दादा नव्हते. तोंडावर पाणी मारून त्या तडक वरच्या बारवर गेल्या. बारवाल्याच्या हातापाया पडायचं, नाहीतर त्याच्याशी भांडायचं, दोन्हीची तयारी होती. बार नुकताच उघडला होता. खुर्च्या अजून उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. कोपऱ्यातल्या एकाच टेबलाशी माणूस होता, पाठमोरा. समोर अर्धा पेला.

ते भाऊजी होते.

त्यांना चाहूल लागली. वळून बघितलं, उठून उभे राहिले, आणि उठताना टेबलाचा आधार घेतला.

"वहिनी," ते म्हणाले, "दादाला काही बोलू नकोस. मीच आहे तो."

वहिनी दारातच थिजल्या.

"हिला मोबाईलवर माझं सगळं खर्चाचं दिसतं. म्हणून दादाच्या केबिनवर घेतलं. त्याच्यावर कोण संशय घेणार म्हटलं." भाऊजी खाली बसले. "काल तो माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं गं. आणि मी बोललो नाही. त्यानं अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"तीन वर्षं झाली असतील. आता तर दुकानात सकाळी शटर वर करायच्या आधी," भाऊजी म्हणाले. "मला वाटायचं, दादाच्या घरात असला मी एकटाच निघालो."

वहिनींना राग यायला हवा होता. पण त्यांना नुसतं रिकामं वाटलं. त्यांनी पेला उचलून बारवर नेऊन ठेवला आणि भाऊजींना हाताला धरून खाली आणलं.

जाऊबाईंना सांगायला फार शब्द लागले नाहीत. त्या पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे. दोन वर्षं झाली. मी कुणाकडे जाणार होते? या घरात विचारायचं कुणाला? तुमच्याकडे बघायचे आणि वाटायचं, यांना काय कळणार, यांचा नवरा देवमाणूस." त्यांचा आवाज चढला. "परवा विचारायला आले होते तुम्हाला. तुम्ही हं म्हणालात. हं! एक शब्द बोलला असतात ना वहिनी, तर मला दवाखान्याचं नाव तरी कळलं असतं."

वहिनी त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. घराची अब्रू झाकतोय असं त्यांना वाटत आलं होतं. त्या झाकणाखाली आणखी कुणी गुदमरत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

दादा त्यांना मागच्या डेकवर सापडले. कठड्याला रेलून ते पाण्यातला फेस बघत होते. वहिनी शेजारी उभ्या राहिल्या.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "तो तुम्ही नव्हतात."

"हं."

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मी नाही, हा आहे? सगळ्यांसमोर?" दादा थांबले. "आणि तू मला विचारलंस कुठे? तू सांगितलंस. मी प्यायलो असं तूच सांगितलंस."

"विचारलं असतं तर खरं बोलला असतात?"

"पूर्वी नसतो बोललो," दादा प्रामाणिकपणे म्हणाले. "अगं, पहिल्या दिवशी सही करताना मी त्या बाटल्या मोजत होतो. रोज तो माणूस येऊन विचारायचा आणि रोज माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. केबिनमध्ये आल्यावर तुला सांगावंसं वाटायचं, आज फार अवघड गेलं म्हणून. पण तू येऊन माझा वास घ्यायचीस. मग मी गप्प बसायचो."

वहिनी रडल्या नाहीत. वाऱ्यानं पदर उडत होता, तो त्यांनी घट्ट धरून ठेवला. एवढ्या वर्षांत त्या माणसाला त्यांनी पडू दिलं नव्हतं, पण उभा आहे हेही कधी मान्य केलं नव्हतं. हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि कळून काय करायचं ते कळत नव्हतं.

"भाऊजींशी बोला," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचं ऐकतील."

"माझं ऐकेल म्हणून नाही जाणार," दादा म्हणाले. "ते काय असतं हे मला माहीत आहे म्हणून जाईन."

दुपारभर दोघं भाऊ केबिनचं दार लावून बसले होते. आत काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा भाऊजींचे डोळे सुजलेले होते आणि दादा दमलेले दिसत होते.

शेवटच्या जेवणाला वेटरनं विचारलं, "साहेब, न उघडलेल्या बाटल्या राहिल्यात. बांधून देऊ? घरी नेता येतात."

"शेजारच्या टेबलाला द्या," दादा म्हणाले.

शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, त्या संध्याकाळी सगळं ऐकलेलं. आधी ते अवघडले, मग खूश झाले. बूच निघालं, पेले भरले, म्हाताऱ्यानं पेला उंचावून या टेबलाकडे बघत मान लववली. दादांनीही मान लववली. भाऊजी मात्र त्या पेल्याकडे बघत राहिले, पेला रिकामा होईपर्यंत. जाऊबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि ती नजर वहिनींच्या चांगली ओळखीची होती.

परत आल्यावर भाऊजी केंद्रात गेले. पंधरवड्यात पळून आले. जाऊबाईंनी फोन केला तेव्हा वहिनी कारखान्यात कॉलर कापत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली, घरी येऊन दादांना सांगितलं. दादा लगेच कपडे बदलायला गेले.

"मी येऊ बरोबर?" वहिनींनी विचारलं.

दादा शर्टाची बटणं लावता लावता थांबले. "तू तिच्यापाशी बस," ते म्हणाले. "तिला बोलायचं असेल."

दोघं रिक्षात बसली. वाटेत दादा सांगत होते की आज त्यांनाही सकाळपासून जरा जड जातंय. वहिनी ऐकत होत्या.