सोंगांची नोंद

राजूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथं दर चैत्रात बोहाडा होतो. देवादैत्यांचे मुखवटे चढवून माणसं नाचतात. मुखवट्याला वाडीत सोंगच म्हणतात. सोंगं करायचं काम बन्सीच्या घराण्याकडं. बन्सी वारला तेव्हा लोकांना वाटलं, आता हे संपलं. पण कागदाचा लगदा कालवण्यापासून डोळे रंगवण्यापर्यंत सगळं त्याच्या बायकोच्या, कडूबाईच्या हाताखालून गेलेलं. तिनं काम पुढं चालवलं, आणि कुणाला फरक कळला नाही.

एकाहत्तर साली मुंबईचे एक पाहुणे फोटो काढतो म्हणून त्राटिकेचं सोंग घेऊन गेले, ते गेलेच. बन्सीच्या हातचं ते शेवटचं सोंग. त्याचा चुलतभाऊ रंभाजी वाडीचा कारभार बघायचा. तो तालुक्याला, अकोले इथं, वकिलाकडं गेला. वकिलानं विचारलं, "मालकी कुणाची?"

"गावाची."

"असं चालत नाही. मंडळ स्थापन करा, नगरला धर्मादाय कार्यालयात नोंदवा. मग मंडळाच्या नावानं दाद मागता येईल."

शाळेवरचे काकासाहेब गुरुजी देवळाली प्रवराकडचे, उत्साही माणूस. त्यांनी ते काम अंगावर घेतलं. एका सकाळी टेप आणि वही घेऊन ते कडूबाईच्या अंगणात आले. तिनं वीस सोंगं उन्हाला मांडली होती. गुरुजींनी प्रत्येकाची उंची-रुंदी लिहिली, आतून क्रमांक घातला. कडूबाईला बरं वाटलं. आजवर सोंगांकडं इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं.

गुरुजी वही मिटतात तोच मागं डुबुक आवाज झाला. नाक मोडलेला वेताळ कडूबाईनं पाण्याच्या घंगाळात टाकला होता.

"अहो मावशी! हा तर क्रमांक सात!"

"भिजाया घातलाय, गुरुजी. नवा करायचाय."

"आता तसं करता येणार नाही. एकदा नोंद झाली की ती संस्थेची मालमत्ता. परवानगीशिवाय विकता येत नाही, मोडताही येत नाही."

कडूबाईनं हात पदराला पुसले. "मग नवा कशातून करू? जुन्याचा लगदा नव्यात घालायचा, मेथ्यांची खळ लावायची, ही आमची रीत. माझ्या सासऱ्यानं केलेला वेताळ ह्याच्यातच हाय. त्यांच्या बापाचाबी."

गुरुजींनी वही पुन्हा उघडून सातवी ओळ पाहिली. पण कागद तयार होते, आणि रंभाजीला घाई होती.

मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. गुरुजींनी मंडळाचा उद्देश वाचला, 'सोंगांचे जतन करणे.' विश्वस्त म्हणून सात जणांच्या सह्या हव्या होत्या. सातवा अंगठा कडूबाईचा.

"जतन म्हंजी?" तिनं विचारलं.

"जशी आहेत तशी सांभाळून ठेवायची."

कडूबाईनं अंगठा पुढं केला नाही.

"वहिनी, काय जातंय तुमचं?" रंभाजी चिडला. "उद्या आनिक कुनी सोंग नेलं म्हंजी मग?"

त्राटिका गेली तेव्हा कडूबाई दोन दिवस जेवली नव्हती. हे रंभाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कपाटात ठेवलेल्या सोंगाची कल्पना तिला करवेना. "मला इचार करू द्या," एवढंच म्हणून ती उठली.

आठ-दहा दिवस पाणवठ्यावर बायका तिच्याशी मोजकंच बोलल्या. भाताच्या लावणीला ती रोज दुसऱ्याच्या खाचरात वाकायची आणि डोक्यात तेच घोळायचं. एका दुपारी ती चिखलाच्या पायांनीच शाळेच्या पायरीशी गेली.

"गुरुजी, मारुतीची जमीन कागदावर हाय न्हवं?"

"आहे ना. देवस्थानच्या नावावर आहे."

"मग वरचं पीक कापाया दरसाली नगरची परवानगी काढत्यात व्हय?"

गुरुजी हसायला गेले आणि थांबले. जमीन देवाची, ती विकता येत नाही. पीक मात्र कापायचंच असतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, नवा कागद घेतला. उद्देशात आता 'सोंगे करणे, नाचवणे व जुन्या लगद्यातून दरवर्षी नवी करणे' असं आलं. मालमत्तेच्या यादीतून मापं गेली आणि नावं आली, त्राटिका धरून एकवीस. लेखी पत्राशिवाय एकही सोंग वाडीबाहेर जाणार नाही, हे कलम रंभाजीनं घालायला लावलं.

नगरच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. असा अर्ज त्यांनी पाहिला नव्हता. दरसाल नवी यादी पाठवा, एवढी अट घालून त्यांनी तो दाखल करून घेतला. नोंदणी क्रमांक मिळाल्यावर गुरुजींनी मुंबईच्या त्या पाहुण्यांना रीतसर पत्र टाकलं. सोंग फुटलं, दिलगीर आहे, असं चार ओळींचं उत्तर आलं. कडूबाईनं ते गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं. "तुकडे तरी धाडा म्हनावं," ती म्हणाली. महिन्याभरानं खोक्यातून तुकडे आले.

अंगठा तिनं अर्जाच्या वेळीच दिला होता. विश्वस्तांच्या यादीत धंद्याचा रकाना होता. बाकी सहा जणांनी शेती असं सांगितलं. ती म्हणाली, "लिवा मजुरी."

"मजुरी काय, वहिनी?" रंभाजी म्हणाला. "सोंगं करती असं लिवा, गुरुजी."

"त्यानं पोट कुठं भरतंय, भाऊजी?"

दोघांचंही खरं होतं. गुरुजींनी रकान्यात बारीक अक्षरात दोन्ही बसवलं.