मुठीएवढे डाग

आत्याने पातेलं काउंटरवर असं आदळलं की दुकानातली सगळी ताटं किणकिणली.

"तीन आठवडे झाले नाहीत, भाऊ, आणि तळ बघा! नुसती चाळण व्हायची बाकी आहे."

भांडीवाल्या काकांनी चष्मा वर सारला. "वहिनी, माल अस्सल स्टीलचा आहे."

"मग तळाला चुंबक का चिकटतं? संध्याकाळी आम्हा खाणावळवाल्यांची बैठक आहे. हे पातेलं मधोमध ठेवते. बघू, तुमच्याकडून साधा चमचा तरी कोण घेतं!"

काकांचा चेहरा उतरला. गल्लीतल्या अकराही खाणावळी त्यांच्याच गिऱ्हाईक होत्या.

धातुशास्त्र शिकलेली भाची, म्हणून आत्याने मला साक्षीला आणलं होतं. तिच्या हातातलं चुंबक मी घेतलं. पातेल्याच्या अंगाला चिकटेना, तळाला मात्र घट्ट.

"आत्या, तळात मुद्दाम असा थर घालतात, इंडक्शनच्या शेगडीवर चालावं म्हणून. यात फसवणूक नाही."

"आणि हे खड्डे?"

चुंबक काउंटरवर ठेवून मी पातेलं उजेडात धरलं. सुईच्या टोकाएवढे खड्डे, पण सगळे मधल्या गोलात. कडेला एकही नाही. स्टील खराब असतं तर सगळीकडेच दिसले असते.

"मीठ कधी घालतेस?"

"मूठभर, गार पाण्यात, सगळ्यात आधी. एकदा विसरले, तर दीडशे माणसं अळणी जेवून गेली. तेव्हापासून मीठ पहिलं."

"आणि ढवळतेस?"

"उकळी आली की ढवळलं जातंच."

"तोवर तो मिठाचा ढीग तळाशी बसून राहतो. स्टीलवर एक पातळ, न दिसणारा थर असतो, तोच त्याला जपतो. दाट खारं पाणी नेमका तोच फोडतं. उकळत्या पाण्यात मीठ घालून लगेच ढवळलं, तर काही होत नाही."

आत्याने मूठ आवळली आणि त्या डागांवर ठेवली. तंतोतंत बसली.



"भाऊ, पातेलं संध्याकाळी मधोमध ठेवणारच आहे."

काकांनी हात जोडले.

"आणि अशीच मूठ ठेवून दाखवणार. निम्म्याजणी माझ्याच हाताखाली तयार झाल्यात. मीठ आधी घाला, हे मीच त्यांच्या डोक्यात भरलंय. आता काढायचंही मलाच."

पातेलं कमरेवर घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"दात काय काढताय, भाऊ? चुंबक द्या इकडे. ते माझं आहे."