किल्ल्यांचा पैरा

गुंडूमामांनी स्टुलावर चढून मोबाईल बाथरूमच्या छताला जवळजवळ टेकवला आणि श्वास रोखून धरला. श्वास रोखला की चित्र हलत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

"मामा, ओल दिसत नाहीये. जरा डावीकडे घ्या. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

"तुझी डावी बाजू सिंगापुरात हाय बाळा. ती मला इथनं कशी गावायची?"

खाली स्टूल धरून उभी असलेली शबनम ओढणी तोंडाला लावून हसली. ती इथली भाडेकरू. तिचा नवरा वसीम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन चालवायचा आणि आठवडाभराची झोप रविवारी सकाळी वसूल करायचा. आताही आतल्या खोलीत वसुली चालू होती.

फ्लॅट राजवर्धनचा, म्हणजे मामांच्या बहिणीच्या मुलाचा. हा फ्लॅट त्याने सिंगापुरात बसून घेतला होता. भाव फोनवर ठरला, फरशी फोनवर पसंत झाली, वास्तुशांतीचा नारळही फोनवरच्या राजवर्धनच्या साक्षीने मामांनीच फोडला. स्वतःच्या मालमत्तेत त्याने अजून पाऊल टाकले नव्हते, पण दर रविवारी तो तिचा कोपरा न् कोपरा बघायचा. दूध संघातून निवृत्त झालेले मामा त्यासाठी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून निघून एस.टी.ने कागल गाठायचे. पाहणी थोडा वेळ चालायची. त्यानंतरचा शबनमचा चहा मात्र दुपारपर्यंत चालायचा, कारण मामांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि घरात ते सगळे बायकोचे, तानाबाईंचे, ऐकून झालेले होते.

"मामा, एक बोलायचं होतं," राजवर्धन म्हणाला. "तुमची फार धावपळ होते. मी कोल्हापूरच्या गुंतवणूकदारांच्या एका ग्रुपमध्ये आलोय. शनिवारी त्यांचा मेळावा आहे. एक कंपनी सगळ्यांचे फ्लॅट सांभाळायला घेणार आहे. ॲपवर सगळं दिसतं म्हणे. तुम्ही माझ्या वतीने जाऊन या. चार स्थानिक लोकांशी ओळखी करा, नेटवर्किंग म्हणतात त्याला. आणि बाकीचे किल्ल्या देत असतील तर आपल्याही देऊन टाका. मग तुम्ही मोकळे."

मामा स्टुलावरून उतरले.

"मोकळा म्हंजे?"

"म्हणजे रविवारी आराम."

मामांनी फोन शबनमच्या हाती दिला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"बरंच झालं की," घरी तानाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मोरीत फोन धरून हुबं ऱ्हायाचं, ह्ये काय वय हाय?"

"दुसऱ्याच्या न्हवं. आपल्या पोराच्या."

"पोराच्या मोरीत पोरगं सोडून सगळी हायती." त्यांनी मामांच्या सदऱ्यावरून इस्त्री फिरवली. एका बाहीवरून दोनदा फिरवली, दुसरी विसरल्या. मग म्हणाल्या, "आन शबनमला माझा खर्डा कोण पोचवणार? ॲप?"

मेळावा हायवेवरच्या हॉटेलात होता. दारावर 'स्थानिक गुंतवणूकदार स्नेहमेळावा' असा फलक होता. तिथे निशिगंधा नावाच्या चटपटीत मुलीने मामांच्या गळ्यात बिल्ला अडकवला. बिल्ल्यावर राजवर्धन लिहिले होते.

"ताई, ह्यो मी न्हवं."

"मग तुमचे गुंतवणूकदार कोण?"

"ह्योच."

"मग हाच घाला की काका."

मामा गपगुमान राजवर्धन होऊन खुर्चीत बसले. शेजारी नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या बिल्ल्यावर अनुजा होते.

"पावणं, तुमी राजवर्धन?" आजींनी विचारले.

"व्हय. ऱ्हातो कोल्हापुरात, फ्लॅट कागलात. तुमी अनुजा?"

"अनुजा लेक. मेलबर्नला असती. मी बायडाबाई, हितल्याच कागलची. लेकीचा फ्लॅट मात्र कोल्हापुरात. म्हंजे मी तिकडं जायाचं आन तुमी हिकडं."

पलीकडच्या खुर्चीत एक पल्लेदार मिशा होत्या आणि मिशांखाली जरीना असा बिल्ला होता. मामांची नजर पाहून मिशा बोलल्या, "सून. दोहाला डॉक्टर हाय. फ्लॅट तिचा. आमचं पोरगं तिथं नुस्तं घरजावई असल्यागत ऱ्हातंय. मी दिलदार."

मामांनी मान वळवून हॉलभर पाहिले. जिकडेतिकडे मामा, सासरे, आया आणि एक रिटायर हेडमास्तर. गुंतवणूकदार औषधालाही नव्हता. समोर पडद्यावर सम्राट नावाचा कंपनीचा तरुण साहेब दिसत होता, तोही पुण्यातून. बोलणारा पुण्यात, मालक साता समुद्रांपलीकडे, आणि हॉलमध्ये नुसत्या किल्ल्या खुर्च्यांवर बसल्या होत्या.

"तुम्ही स्थानिक गुंतवणूकदार हीच आमची खरी ताकद आहे," सम्राट म्हणाला. कुणी हरकत घेतली नाही. कांदाभजी अजून यायची होती.

मग निशिगंधाने एक तबक आणले. त्यात लाल मखमल अंथरली होती. ज्यांना कंपनीकडे फ्लॅट सोपवायचे आहेत त्यांनी किल्ल्या तबकात ठेवाव्यात, असे सम्राटने जाहीर केले. पहिल्या रांगेतल्या हेडमास्तरांनी खिसा चाचपला.

"आधी तिकडं फिरवा," ते म्हणाले. "मग माझ्याकडं या."

पुढचे म्हणाले, "कितीजणांनी दिल्या?"

"अजून सुरुवात व्हायची आहे काका."

"मग हुंदे की सुरुवात. मी कुठं पळून चाललोय?"

तबक सरकत सरकत बायडाबाईंपाशी आले. मंडईत कोथिंबिरीचा भाव ऐकून बघतात तसे त्यांनी तबकाकडे पाहिले.

"आमचं कुलूप अडतंय," त्या म्हणाल्या. "किल्ली जरा उचलून, दार पोटाशी वढून फिरवाय लागती. कंपनीला ते जमायचं न्हाय."

"आमच्या बिल्डिंगचा वॉचमन कानडी हाय," दिलदार म्हणाले. "माझ्याबिगर कुणासंगं बोलत न्हाय."

"तुमास्नी कानडी येतं व्हय?" मामांनी विचारले.

"न्हाय."

तबक मामांसमोर आले. खिशातला हात किल्ल्यांवर होता आणि किल्ल्या गरम झाल्या होत्या. राजवर्धनने काय सांगितले होते ते त्यांनी मनात पुन्हा एकदा नीट म्हटले, अगदी शब्द न् शब्द.

"ताई, बाकीच्यांनी दिल्या?"

"नाही हो काका. कुणीच नाही."

"मग मला द्यायची परवानगी न्हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

हॉलभर फिरून तबक जसे गेले तसे परत आले. पडद्यावर सम्राट प्रसन्न हसत होता. रेंज गेल्यामुळे तो हसतानाच थांबला होता.

भजी आल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. किल्ल्या वाचल्या, पण संध्याकाळी फोन येणार होते.

"नेटवर्किंग काय केलासा म्हणून इचारणार," दिलदार म्हणाले. "काय सांगायचं? भजी खाल्ली?"

बायडाबाईंनी मिरची बाजूला काढून ठेवली. "आपन पैरा करूया की. आमच्या सासऱ्यांच्या टायमाला मळणीला गडी मिळायचं न्हाईत. मग आज चार घरची मानसं माझ्या रानात, उद्या तीच तुमच्या रानात. तसंच करायचं. ह्या रईवारी सगळी राजवर्धनच्या फ्लॅटवर, फुडच्या रईवारी सगळी माझ्या अनुजाच्या."

"आन जेवाण?"

"ज्येचं रान त्येचं जेवाण. इचारतासा काय?"

संध्याकाळी राजवर्धनचा फोन आला. किल्ल्या एकानेही दिल्या नाहीत, हे मामांनी आधी सांगून टाकले.

"कंपनीत काहीतरी गडबड असणार," तो म्हणाला.

"आसंल की," मामा म्हणाले.

"ठीक आहे. सोमवारी मी स्वतः त्यांच्याशी बोलतो आणि काय ते ठरवून टाकतो. तुम्हाला किती दिवस पळवायचं? हा रविवार शेवटचाच धरा. नेटवर्किंगचं काय झालं?"

"झालं. उद्या घिऊन येतोय."

रविवारी एस.टी.त तानाबाईही चढल्या. शेवटचाच रविवार असेल तर ती मोरी एकदा बघून घेते, म्हणाल्या. मांडीवर खर्ड्याची बरणी आणि भाकरीचे पीठ होते. शबनमने फोनवरच सांगून ठेवले होते, की रान मामांचे असले तरी चूल माझी आहे, खिमा मी करणार. वसीम लवकर उठून, दाढी करून, दारात उभा होता.

राजवर्धनने फोन लावला तेव्हा दिलदार भिंतीवर टकटक करत होते. हेडमास्तर खिडक्या उघडून पुन्हा लावत होते आणि प्रत्येक खिडकीला मनातल्या मनात गुण देत होते.

"मामा, ही माणसं कोण आहेत?"

"नेटवर्क."

"ओटा उंच झालाय," बायडाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "मालकानं जन्मात भाकरी थापलेली न्हाय!"

"मालक ऐकतोय बरं का," मामा म्हणाले.

"ऐकू दे की. ऐकाय काय फी हाय?"

पाहणी झाली. मामांनी फोन बरणीला टेकवून ठेवला, तो तिथेच राहिला. सतरंजी अंथरली, ताटे आली, पुढच्या रविवारच्या पैऱ्याचे बोलणे झाले. दिलदारांनी सुनेच्या हॉस्पिटलचा किस्सा काढला, त्यावर हेडमास्तरांनी दुसरा काढला. खर्ड्याने बायडाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी आणखी मागून घेतला. वसीमने मामांना आग्रह करून वाढले. मामा जेवत होते, पण शबनमकडे पाहायचे टाळत होते. उद्याचा सोमवार तिला अजून सांगितलेला नव्हता.

"मामा," शबनम हळूच म्हणाली, "फोन चालूच हाय बघा."

मामांनी पाहिले. बोलणे संपून किती वेळ झाला होता कुणास ठाऊक, पण राजवर्धनने फोन ठेवला नव्हता. त्यानेही तो कशाला तरी टेकवून ठेवला होता. समोर कागदी डबा होता आणि तो खाली मान घालून, यांच्याच चालीने, सावकाश जेवत होता. दिलदारांच्या किश्श्यावर सगळे हसले तेव्हा तोही हसला असावा, कारण ओठ अजून मिटले नव्हते.



"पोराला आसं कडंला का बसवलंय?" बायडाबाई म्हणाल्या. "पंगतीत घ्या की."

दिलदार सरकले. मामांनी बरणीसकट फोन उचलून मध्ये ठेवला. तानाबाईंनी वाकून पडद्यात पाहिले.

"काय खातोयस रं?"

"नूडल्स, मामी."

"कोरड्याच?"

राजवर्धन हसला. मामांना सोमवारचे विचारायचे होते. त्यांनी घसा साफ केला, तसा तानाबाईंचा कोपर त्यांच्या बरगडीत बसला. मामांनी भाकरी मोडली.

"मामा," तिकडून आवाज आला, "पुढचा पैरा आपल्याकडे नाही ना?"

"न्हाय. बायडाबाईंच्या अनुजाचा."

राजवर्धनने नूडल्स काडीला गुंडाळल्या आणि तशाच डब्यात सोडून दिल्या.

"मग मी किती वाजता फोन लावू?"

"भाकऱ्या थापाय घेतल्यावर लाव," तानाबाई म्हणाल्या. "आन त्याआदी काय खाऊ नगंस."